ओर्वोक्कीचा थर्मास

रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रासमोर मी रडलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायचा धीर होणार नाही. शनिवारची सकाळ होती, तांपेरे शहरातलं आमचं कोपऱ्यावरचं दुकान, माझ्या हातात निळी पिशवी. यंत्राच्या भोकात बाटली घातली की ती आत गरगर फिरते, यंत्र तिला वधूपरीक्षेसारखं न्याहाळतं आणि पसंत पडली तर गिळून तिची अनामत परत देतं. त्या दिवशी एक बाटली त्याला काही केल्या पसंत पडेना. आत घेई, फिरवी, बाहेर काढी. पडद्यावर अक्षरं उमटत, ‘ओळख पटली नाही’. मी बाटली बाहीला पुसली, लेबल चापूनचोपून बसवलं, उलटी घातली, सुलटी घातली. पुन्हा तेच उमटलं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हुंदका नाही, आवाज नाही, नुसतं पाणी. मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आहे, लिफ्ट दुरुस्त करतो. गळती दिसली की आधी ती कुठून होते ते शोधायचं, ही धंद्याची सवय. तिथे उभ्या उभ्या मी शोधलं. सापडलं नाही.

माझ्यामागे रांग होती. आमच्याकडची रांग म्हणजे दोन माणसांच्या मधे तिसरा आडवा झोपू शकेल असं अंतर. मागच्या बाईला माझे खांदे हलताना दिसले असावेत, कारण ती आणखी एक पाऊल मागे सरकली, आणि तिच्यामागचे सगळे एकेक पाऊल मागे सरकले. याला कुणी तुसडेपणा म्हणू नये. माणूस रडत असेल तर त्याला जागा द्यावी एवढी माणुसकी आमच्यात आहे. शेवटी दुकानातली मुलगी आली. माझ्याकडे न बघता तिने यंत्राकडे बघितलं आणि विचारलं, “भरलंय का?” मी म्हटलं, “भरलंय.” ती किल्ल्या घेऊन मागच्या खोलीत यंत्र रिकामं करायला गेली. मी ती एक बाटली कोटाच्या खिशात कोंबली आणि घरी आलो.

घरी ऊन आलं होतं. मार्च संपत आला की आमच्याकडे ऊन येतं आणि घात करतं. हिवाळाभर माणूस बरा असतो, कारण सगळेच अंधारात असतात, कुणाचं काही दिसत नाही. मग एके दिवशी ऊन खिडकीतून सरळ आत घुसतं आणि काचेवरची धूळ, सिंकमधला एकच कप, सोफ्यावरचा एकाच माणसाच्या बैठकीचा खळगा, सगळं उघड्यावर मांडतं. त्या खळग्याशेजारी पूर्वी दुसरा होता. मार्केत्ता, माझी बायको, आठ वर्षांपूर्वी गेली. गेली म्हणजे देवाघरी नव्हे, कुओपिओला. तिकडचे लोक बोलके. तिला तिकडचा एक माणूस भेटला, जो म्हणे जेवतानासुद्धा बोलतो. जाताना ती म्हणाली, “ताउनो, तू वाईट नाहीस. पण तुझ्याबरोबर राहणं म्हणजे बिघडलेल्या रेडिओसमोर बसणं.” मी त्यावर विचार केला. रेडिओ दुरुस्त करता येतो, हे उत्तर मला सुचलं तोपर्यंत ती टॅक्सीत बसली होती. ते उत्तर अजून माझ्याकडेच आहे. पण हे जुनं झालं. तिच्यामुळे मी रडलो असं म्हणालो तर तिच्यावर अन्याय होईल. माझ्याकडे कारणच नव्हतं, आणि कारण नसताना रडणं म्हणजे पावतीशिवाय वस्तू परत करायला जाण्यासारखं. कोण घेणार?

शिवाय बाटली हे नुसतं निमित्त. खरी गोष्ट आदल्या रविवारची. त्या रविवारी मी नॅसियार्वी तलावावर मासे धरायला गेलो होतो. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, घडीच्या स्टुलावर बसायचं, गळ सोडायचा आणि भोकात बघत राहायचं. मासा लागला पाहिजे असं काही नाही. आमच्याकडे पुरुषांना एकटं बसायला काहीतरी निमित्त लागतं आणि मासे कधी तक्रार करत नाहीत. माझा थर्मास गळायला लागला होता म्हणून मी ओर्वोक्कीचा मागून नेला होता. ओर्वोक्की आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहते, ऐंशी ओलांडलेली. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या पाळ्या आणि धुण्याच्या खोलीच्या वेळा तिच्या हातात, म्हणजे राज्य तिचंच. थर्मास देताना म्हणाली होती, “माझ्या लग्नातला आहे. नवरा गेला, थर्मास टिकला. परत आण.” तर मी बसलो, बसून कंटाळलो आणि उठून चालायला लागलो. त्या तलावात दोन बेटांच्या मधून पाणी वाहतं, तिथे बर्फ पातळ असतो, काळपट दिसतो. इथून पुढे जाऊ नये म्हणून फरच्या झाडाच्या फांद्या रोवून ठेवलेल्या असतात. मी फांद्यांपाशी पोचलो आणि थांबलो नाही. बर्फावर पाणी साचलं होतं, ते बुटांत शिरलं. खालून कुरकुर आवाज आला. मला भीती वाटली नाही. डोक्यात एकच विचार होता आणि तो फार शांत होता, की आता परत कशाला जायचं. मी तिथे उभा राहिलो. किती वेळ ते ठाऊक नाही. मग आठवलं, थर्मास भोकापाशी राहिलाय. ओर्वोक्कीचा थर्मास. दुसऱ्याची वस्तू अशी उघड्यावर टाकून जाणं बरं दिसत नाही. ती काय म्हणेल. मी वळलो आणि माझ्याच ओल्या पावलांवर पाऊल ठेवत परत आलो. भीती नंतर वाटली, बसमध्ये, थर्मास मांडीवर घेऊन बसल्यावर. मला माघारी आणलं ते जगण्याच्या ओढीने नव्हे, कुणाच्या प्रेमाने नव्हे, तर झाकण चेपलेल्या एका थर्मासने. आणि म्हणून तो मी परत दिलाच नाही. कामाच्या पिशवीत पान्यांबरोबर घालून हिंडायला लागलो. परत दिला असता तर माझ्याकडे कुणाचंच काही उरलं नसतं.

ओर्वोक्कीला टाळणं सोपं नव्हतं. आमच्या इमारतीत बाहेर पडण्याआधी दाराला कान लावायचा, जिन्यात कुणी नाही अशी खात्री करायची आणि मगच कडी काढायची, अशी रीत आहे. शेजाऱ्याशी गाठ पडली तर काहीतरी बोलावं लागतं. सगळेच ही रीत पाळतात, त्यामुळे कधीकधी सगळी इमारत दारांना कान लावून उभी असते आणि कुणीच बाहेर पडत नाही. ओर्वोक्की मात्र रीत मोडणारी. ती जिन्यात खुर्ची टाकून बसते. बाटलीचा प्रसंग झाला त्याच दुपारी तिने मला गाठलं.

“थर्मास?” ती म्हणाली.

“देतो.”

“धुतलास?”

“धुतोय.”

“आठवडाभर धुतोयस? आत गाय बांधली होतीस काय?” मग तिने चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं. “आणि डोळे का असे लाल?”

“ऊन लागलं.”

“मार्चमध्ये.”

“मार्चमध्ये.”

तिने चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि खुर्ची सरकवून मला वाट करून दिली. मग म्हणाली, “वापरत नसशील तेव्हा झाकण घट्ट लावू नकोस. वास धरतो.” मी बरं म्हटलं आणि वर गेलो.

वर जाऊन मी कॉम्प्युटर उघडला आणि दोन बोटांनी लिहिलं, मानसिक मदत, तांपेरे. पानंच्या पानं निघाली. सरकारने आमच्यासाठी काही करायचं बाकी ठेवलेलं नाही, फक्त आम्ही तिथपर्यंत जात नाही. एका पानावर दोन बटणं होती. एकावर लिहिलं होतं, मला आत्ता मदत हवी आहे. दुसऱ्यावर, मला माहिती हवी आहे. मी अर्थातच माहितीचं दाबलं. ‘आत्ता’ म्हणजे जरा जास्तच झालं. मग एक चाचणी आली. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का? कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, सतत. आता ‘सतत’ म्हणणं म्हणजे बढाई मारणं. आमच्याकडे घर जळत असलं तरी माणूस ‘जरा धूर येतोय’ म्हणतो. मी सगळ्या प्रश्नांना ‘कधीकधी’ वर खूण केली, भूक, झोप, आशा, सगळं कधीकधी. यंत्राने हिशोब करून सांगितलं, तुमची तब्येत साधारण ठीक आहे. भाज्या खा, पुरेशी झोप घ्या, मित्रांना भेटा. मी फ्रिज उघडला. एक बीट होतं. ते खाल्लं.

बिटाने काही झालं नाही म्हणून रविवारी मी फोनचा नंबर शोधला. संकटात सापडलेल्यांनी करायचा नंबर, कुणीही, केव्हाही. एक मऊ आवाज आला, तुमचा फोन रांगेत आहे, तुमच्या आधी काही लोक आहेत, कृपया थांबा. मागे पियानो वाजायला लागला. मी थांबलो. आणि थांबता थांबता मला ती आधीची माणसं दिसायला लागली. एखादी बाई असेल, जिला खरंच काहीतरी झालंय. एखादा मुलगा असेल. आणि त्यांच्यामागे मी, घरात ऊन आलं म्हणून रडणारा. माझ्यानंतर कुणी आलं असेल तर मी त्याची जागा अडवून बसलोय. मी फोन ठेवला. ठेवला आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं, चांगलं काम केल्यासारखं. नंतर रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा वडिलांची आठवण झाली. वडिलांचं अपेंडिक्स जूनमध्ये फुटलं, ऐन उन्हाळ्याच्या मध्यावरच्या सणात, जेव्हा सगळा देश तळ्याकाठी जाऊन शेकोट्या पेटवतो. दोन दिवस ते पोट धरून सौनाच्या पायरीवर बसून होते. आई म्हणाली, डॉक्टरला बोलावू. वडील म्हणाले, “सणाचा दिवस आहे. त्यालाही बायकामुलं आहेत.” सोमवारी डॉक्टर आला तेव्हा त्याला काही करण्यासारखं उरलं नव्हतं. गावात सगळे म्हणाले, किती समजूतदार माणूस. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, मला अभिमान वाटला होता. त्या रविवारी, हातात काटा घेऊन, मला पहिल्यांदा वडिलांचा राग आला. इतका आला की बटाटा गिळेना.

रागाच्या भरात सोमवारी सकाळी मी आरोग्य केंद्राला फोन केला. तिथे यंत्र सांगतं, तुमचा फोन नोंदवला आहे, आम्ही दिवसभरात तुम्हाला उलट फोन करू. केव्हा ते सांगत नाही. मी फोन छातीच्या खिशात ठेवून कामाला गेलो. पिशवीत पाने होते, स्क्रू होते, थर्मास होता. दुपारी तामेलाच्या बाजारात काळं सॉसेज घेतलं, त्यावर लाल बेरीचा मुरांबा, माझं जन्माचं आवडतं. खाल्लं. कागद खाल्ल्यासारखं लागलं. तेवढ्यात कंपनीचा निरोप आला, अमुक इमारतीत लिफ्ट अडकली आहे, आत एक बाई आहे. तर मी लिफ्टच्या टपावर उभा, अंधारात, डोक्याला दिवा, तेलाचा तो ओळखीचा वास. अडकलेल्या माणसाशी बोलायची आमची पद्धत ठरलेली असते. झडप उघडायची, आवाज द्यायचा, उजेड आहे का विचारायचं, एकटे आहात का विचारायचं. वेळ कधीच सांगायची नाही, कारण पाच मिनिटं सांगितली आणि सहा झाली की माणूस खचतो. फक्त म्हणायचं, मी आलोय. मी झडप उघडली, खाली बघितलं. साठीची बाई, हातात केकचा डबा, डोक्यावर लाल लोकरी टोपी. मी म्हटलं, मी आलोय. ती म्हणाली, छान. आणि माझा फोन वाजला.

“आरोग्य केंद्रातून नर्स बोलतेय,” बाईचा आवाज, तरुण, उत्साही. “ताउनो ना? तू फोन केला होतास. काय होतंय?”

“काही विशेष नाही,” मी म्हटलं. “बाटल्यांच्या यंत्रापाशी जरा पाणी आलं. डोळ्यांतून.”

“बरं. आणि आत्ता कसं वाटतंय? कुठे आहेस तू आत्ता?”

“वर आहे.”

“वर म्हणजे कुठे?”

“सातव्या मजल्यावर. टपावर.”

पलीकडे श्वास थांबल्याचं ऐकू आलं. मग आवाज बदलला, एकदम हळू आणि स्पष्ट झाला. “ताउनो, मी तुझ्याशी बोलतेय. हलू नकोस हं. जवळ कुणी आहे का तुझ्या?”

“एक बाई आहे.”

“तिच्याशी मला बोलता येईल का?”

“ती अडकलीय.”

“कशात अडकलीय?”

“लिफ्टमध्ये. मी लिफ्टच्या टपावर आहे. लिफ्टवाला आहे मी. कामावर आहे.”

पलीकडे एक मोठा उसासा, मग हसू, मग माफी. ती बिचारी इतकी घाबरली होती की मलाच तिची दया आली. मी म्हटलं, नाही नाही, तसलं काही नाही, सगळं ठीक आहे, झोप येते, भूक लागते, बीट खातो. ती म्हणाली, म्हणजे तातडीचं नाही ना? मी म्हटलं, छे, तातडीचं कुठलं, तुझ्याकडे खरे आजारी लोक असतील, त्यांना आधी बघ. आणि हे सगळं बोलत असताना मला बेटांमधला तो काळा बर्फ स्पष्ट दिसत होता, पायाखाली कुरकुरताना. तिने मे महिन्यातली एक तारीख दिली. मी आभार मानले. फोन खिशात ठेवला. खालून, झडपेतून, आवाज आला.

“माझी काही घाई नाही,” बाई म्हणाली. “तुझं होऊ दे.”

“झालं,” मी म्हटलं.

मी लिफ्ट सरकवून खालच्या मजल्याला लावली, दार उघडलं. ती बाहेर आली. खरं म्हणजे आता तिने आभार मानून निघून जायचं. पण ती तिथेच उभी राहिली, माझ्याकडे नाही, लिफ्टच्या बटणांकडे बघत, आणि बटणांना सांगितल्यासारखं म्हणाली, “स्टेशनच्या मागच्या रस्त्याला एक हिरवं दार आहे. दंतवैद्याच्या वरचा मजला. वेळ ठरवावी लागत नाही, नुसतं जायचं आणि बसायचं. माझा मुलगा जायचा तिथे.” मी विचारलं, “आता कसा आहे?” विचारून झाल्यावर जीभ चावली, उत्तर कसलंही असू शकतं. ती म्हणाली, “आज वाढदिवस आहे त्याचा. हा केक त्याचाच. उशीर झाला म्हणून ओरडणार बघ मला.” आणि जिन्याने खाली गेली. लिफ्टने नाही.

तरी मी एक दिवस काढला. बुधवारी गेलो. हिरवं दार होतं, खाली दंतवैद्याची पाटी होती, आणि ही सोय ज्याने केली त्याला आमच्या लोकांची नाडी कळलेली असणार. मी गालावर हात ठेवून जिना चढलो, म्हणजे कुणी बघितलंच तर दात दुखतोय असं वाटावं. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, भिंतीला खुर्च्या, खिडकीत एक वाळकं झाड, आणि लांबच्या कोपऱ्यात एक माणूस. तिशीचा असेल, दांडगा, दाढीवाला. तोही गालावर हात ठेवून बसला होता. मी त्याच्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसलो. घोळ झाला तो इथेच. नंबर काढायचं यंत्र नव्हतं. आमच्याकडे औषधाच्या दुकानात, बँकेत, चीज घ्यायलासुद्धा नंबराची चिठ्ठी निघते, त्यामुळे माणसाला माणसाशी बोलावं लागत नाही आणि पुढे कोण हा वाद राहत नाही. चिठ्ठी नाही म्हटल्यावर आम्ही दोघं निराधार झालो. मी कित्येकदा अडकलेल्या लिफ्टमधून अशी माणसं बाहेर काढली आहेत, दुपारभर खांद्याला खांदा लावून उभी आणि एकमेकांचं नावही ठाऊक नाही. त्यांना मी मनातल्या मनात हसायचो.

आतलं दार उघडलं. एक उंच बाई आली, पायात लोकरीचे मोजे, केसात पेन्सिल. “मी तुइया,” ती म्हणाली. “पुढचं कोण?”

मी त्याच्याकडे बोट केलं. त्याने माझ्याकडे.

“हा आधी आलाय,” मी म्हटलं.

“मला घाई नाही,” तो म्हणाला. “मी सहज आलोय.”

“मी पण सहजच. इथून चाललो होतो.”

तुइयाने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. “दोघंही सहज. बरं. मी कॉफी ओतून घेते, तोवर तुमचं ठरवा.” ती दार उघडं टाकून आत गेली. आम्ही काही ठरवलं नाही. तो वाळक्या झाडाकडे बघत होता. मी जमिनीकडे बघत होतो, आणि जमिनीवर त्याचे बूट होते. त्या दिवशी रस्ते कोरडे होते. बूट पोटरीपर्यंत ओले होते, नाड्या भिजून काळ्या पडल्या होत्या, आणि एका नाडीत फरच्या झाडाच्या पानाची एक हिरवी सुई अडकली होती. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते पाणी कुठलं, ती सुई कुठली, ते माझ्या पायांना ठाऊक होतं. हा माणूस आज, आत्ता, तिथून आला होता, आणि मला म्हणत होता, आधी तू.

तुइया कप घेऊन दारात आली. “काय ठरलं?”

“तसे आम्ही बरे आहोत,” तो म्हणाला, माझ्याही वतीने.

“दोघंही?”

मी मान हलवली. सवयीने हलली.

“मग मी आत बसते. लागलं तर हाक मारा,” ती म्हणाली आणि दार लोटून घ्यायला लागली, हळूहळू, आमच्याकडे बघत. त्याने जाकिटाची चेन वर ओढली. मला पुढचं सगळं दिसलं. आता आम्ही दोघं उठणार, जिन्यात एकमेकांना आधी जाऊ देणार, गालावर हात ठेवून खाली उतरणार, आणि हा माणूस शिष्टाचाराने, कुणालाही त्रास न देता, परत तिथेच जाणार. किती समजूतदार. लिफ्टच्या दारांवर आम्ही एक स्टिकर लावतो, बंद होणाऱ्या दारात हात घालू नका. तीस वर्षं मी ते लावतोय, न ऐकणाऱ्यांना रागावतोय. मी उठलो आणि दारात हात घातला.

“मी बरा नाही,” मी म्हटलं.

आवाज माझा वाटत नव्हता. दाराने बोटं चेपली होती, तुइयाने ते पटकन मागे ओढलं. मी तिच्याकडे नव्हतो बघत, त्याच्या बुटांकडे बघत होतो. “मी बर्फावर गेलो होतो. बेटांच्या मधे. फांद्यांच्या पलीकडे. परत यायचं माझ्या मनात नव्हतं.”

एवढंच वाक्य. खाली दंतवैद्याचं यंत्र घरघरत होतं. त्या दाढीवाल्याने गालावरचा हात काढला.

“उत्तरेकडून गेलास की बंदराकडून?” त्याने विचारलं.

“बंदराकडून.”

“उत्तरेकडून बर्फ जास्त कुजलाय,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. “मी आत्ता तिथूनच आलो.”

तुइयाने कप खिडकीत ठेवला. तिने ना आवाज चढवला ना तोंडावर हात नेला. “बरं झालं, दोघंही आलात,” ती म्हणाली. “नाव काय तुझं?”

“याल्मारी.”

“याल्मारी, ताउनो,” माझं नाव मी कधी सांगितलं ते मला आठवत नाही, “आता आधी कोण?”

“हा,” आम्ही दोघं एकदम म्हणालो. आणि मग, देवाशपथ, मला हसू आलं. त्यालाही आलं, नाकातून, भुस्स करून. तुइया मात्र हसली नाही. ती याल्मारीकडे वळली. “तू ये.” त्याने मान हलवली. अजून शब्द जमत नाहीत, म्हणाला, आधी याचं होऊ दे. ती म्हणाली, “ठीक आहे. मग मी आतून आमच्या आणखी एकाला फोन करून बोलावते, आणि हे दार असंच सताड उघडं राहील. मला तू दिसला पाहिजेस.” याल्मारी हो म्हणाला. पण त्याने जाकिटाची चेन खाली केली नाही, आणि त्याची नजर जिन्याकडे होती. त्या ‘हो’ चा अर्थ मला कळत होता. तसला ‘हो’ मी नर्सला टपावरून दिला होता.

मी पिशवी उघडली, पान्यांच्या खालून थर्मास काढला आणि त्याच्या हातात दिला.

“हा धर,” मी म्हटलं. “माझा नाही. ओर्वोक्कीचा आहे, खालच्या मजल्यावरची म्हातारी. तिच्या लग्नातला आहे. मला तो परत द्यायचाय.”

त्याने थर्मास घेतला, उलटा करून तळ बघितला, झाकणावरचा चेपा बघितला. “किती वेळ?” त्याने विचारलं.

“वेळ मी सांगत नाही,” मी म्हटलं.

“यात काय आहे?”

“कॉफी. सकाळची आहे, गरम असेल. पी हवी तर. पण झाकण घट्ट लावू नकोस, वास धरतो. मला बोलणी बसतील.”

मी आत जाऊन बसलो. उघड्या दारातून तो दिसत होता. त्याने जाकिटाची चेन खाली केली, खुर्चीत मागे टेकून बसला आणि थर्मास दोन्ही हातांनी मांडीवर सांभाळून धरला, परक्या बाईने बाळ मांडीवर देऊन जरा जाऊन येते म्हणावं तसा.